मधुमेहाची कुळकथा



आपल्या मंडळाचा हा पंचविसावा वर्धापनदिन. स्मरणिकेसाठी प्रत्येकीने चार ओळी लिहाव्यात असे कार्यवाहताईंनी सांगितले, तेव्हा मी म्हटले, "मला आपली एखादी पाककृती लिहायला सांगा. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईने दुसरे काय लिहायचे?" त्यावर त्या म्हणाल्या, "त्या व्याख्यानानंतर सहा महिने तुम्ही ज्या गोष्टीच्या मागे लागलात, तीच लिहा की!" म्हणून हे धाडस करीत आहे. ह्यातील माहिती मी वाचनालयातली पुस्तके वाचून आणि माझ्या मुलीकडून इंग्रजीतले समजावून घेऊन गोळा केली आहे. भाषेत चुका असतील, त्या पदरात घ्याव्यात.

गेल्या वर्षी मंडळात मधुमेहावर एका डॉक्टरीणबाईंचे व्याख्यान झाले, हे आपल्यापैकी पुष्कळजणींना आठवत असेल. त्या दिवशी त्यांनी एक वाक्य सांगितले. त्या म्हणाल्या, "मोठेपणी ज्यांना मधुमेह होतो, त्यांच्यातल्या पुष्कळांच्या अंगात सुरुवातीला इन्सुलिन कमी नसतेच. असते, कधीकधी जास्तच असते. पण शरीर त्याला दाद देत नाही." बाकीच्या बायका पुढचे ऐकत होत्या, पण माझे लक्ष त्या वाक्यातच अडकून राहिले. मला आमच्या सासूबाई आठवल्या.

आमच्या सासूबाई मंडळाच्या पहिल्या सभासदांपैकी एक. जुन्या भगिनी त्यांना ओळखत होत्या. अंगाने काडीसारख्या, पहाटे पाचला उठणार, दिवसभर राबणार आणि सगळ्यांची पाने उठल्यावर उरेल ते खाणार. अशा बाईला बावन्नाव्या वर्षी साखर निघाली. मग घरात आणि आळीत एकच चर्चा. अंगावर मांस नाही, तर साखर आली कुठून? बाई चोरून गोड खात असणार! कोणी तोंडावर बोलले नाही, पण पाठीमागे सगळे बोलले. त्यांत मीही होते. एवढेच नव्हे, तर मी गुळाचा आणि साखरेचा डबा फडताळात ठेवून त्याला कुलूप लावले. त्यांनी ते पाहिले. काही बोलल्या नाहीत. फक्त एकदा म्हणाल्या, "सूनबाई, किल्ली तुझ्याकडेच असू दे हो. माझ्यावर आळ नको." पुढे पायाची जखम चिघळली, मूत्रपिंडे गेली आणि त्या गेल्या. ते कुलूप मात्र माझ्या मनातून गेले नाही. तेव्हा हा आजार खरोखर कसा होतो, आणि तो कळायला माणसाला किती काळ लागला, ते शोधावे असे मी ठरविले. त्या शोधाची ही हकीकत.

मधुमेह हा काही नवा आजार नव्हे. आपल्या चरक-सुश्रुतांनी त्याचे वर्णन फार प्राचीन काळी करून ठेवले आहे. प्रमेहाचे वीस प्रकार सांगून त्यांत त्यांनी मधुमेह गणला. रोग्याच्या लघवीला मुंग्या लागतात, हे त्यांच्या लक्षात आले होते. बसण्या-झोपण्याचे सुख, दही, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ ही ह्या रोगाची कारणे असे चरकाने म्हटले आहे. सुश्रुताने तर आणखी बारकाई केली. त्याने दोन प्रकार वेगळे केले. एक जन्मतःच आलेला. हा रोगी कृश असतो, खातो थोडे आणि पाणी फार पितो. दुसरा अपथ्यामुळे झालेला. हा स्थूल, खादाड आणि लोळत पडण्याची आवड असणारा. ज्या रोग्याजवळ पैसा नाही त्याला त्याने उपाय काय सांगितला, तर पायांत वहाण आणि डोक्यावर छत्री न घेता भिक्षा मागत शंभर योजने चालावे, नाहीतर विहीर खणावी! पहिल्याने वाचले तेव्हा मला हसू आले. पण ही विहीर शेवटी पुन्हा आपल्या लेखात येणार आहे, ती लक्षात ठेवावी.

पाश्चात्त्य देशांतही हा रोग ठाऊक होता. सतराव्या शतकात टॉमस विलिस ह्या इंग्रज वैद्याने मधुमेह्यांच्या लघवीची गोडी लिहून ठेवली. १७७६ साली मॅथ्यू डॉबसन ह्याने अशी लघवी आटवून खाली उरलेली साखर दाखविली, आणि रोग्याचे रक्तही गोड असते असे सांगितले. म्हणजे साखर सापडली. पण ती का साचते हे सापडले नव्हते.

१८६९ साली बर्लिनमध्ये पाउल लॅंगरहान्स हा विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाखाली स्वादुपिंड पाहत होता. स्वादुपिंड म्हणजे पोटात जठराच्या मागे असलेली लांबट ग्रंथी. तिच्यात त्याला पेशींचे वेगळे दिसणारे छोटे छोटे पुंजके दिसले. ते काय काम करतात हे त्याला कळले नाही. वीस वर्षांनी, १८८९ साली, स्ट्रासबुर्ग येथे मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग ह्या दोघांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले. त्या कुत्र्याला मधुमेह झाला. तेव्हा रोगाचे घर सापडले. ह्या ग्रंथीतून काहीतरी रस रक्तात जातो आणि तो साखरेला आवर घालतो, हे उघड झाले. आता तो रस हाती यायला हवा होता.

तो आला कॅनडातील टोरंटो गावी. १९२१ च्या उन्हाळ्यात फ्रेडरिक बॅंटिंग हा तरुण शस्त्रवैद्य आणि चार्ल्स बेस्ट हा विद्यार्थी ह्यांनी प्राध्यापक मॅक्लाउड ह्यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांवर प्रयोग केले. पुढे त्यांना कॉलिप हा रसायनज्ञ मिळाला. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्पसन ह्या चौदा वर्षांच्या मुलाला तो रस टोचला. मुलगा अगदी अस्थिपंजर झाला होता. त्या काळी अशा मुलांना उपाशी ठेवून चार महिने जास्त जगविणे, एवढाच इलाज असे. पहिली सुई नीट लागू पडली नाही, रस पुरेसा शुद्ध नव्हता. कॉलिपने तो शुद्ध केला आणि २३ जानेवारीपासून पुन्हा टोचल्यावर मुलाची साखर उतरली, अंगात जीव आला. तो पुढे तेरा वर्षे जगला. ज्या आयांनी आपली मुले डोळ्यांदेखत सुकताना पाहिली असतील, त्यांना तो दिवस कसा वाटला असेल! संशोधकांनी आपले पेटंटचे हक्क एकेका डॉलरला विद्यापीठाच्या स्वाधीन केले. १९२३ साली बॅंटिंग आणि मॅक्लाउड ह्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि दोघांनीही आपला वाटा सहकाऱ्यांना अर्धा अर्धा वाटून दिला. हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता साऱ्या जगाला वाटले की मधुमेहाचे कोडे सुटले. इन्सुलिन कमी पडते म्हणून मधुमेह होतो, ते टोचले की झाले. मुलांच्या मधुमेहाला हे अगदी खरे होते. पण मोठ्या माणसांच्या मधुमेहाला ते पुरेसे नव्हते, आणि हे ज्याने प्रथम नीट दाखविले त्याचे नाव आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. ते म्हणजे लंडनचे डॉक्टर हॅरल्ड हिम्सवर्थ.

त्यांनी केलेला प्रयोग आपल्याला स्वयंपाकघरात बसूनही समजेल इतका सोपा आहे. त्यांनी रोग्यांना एकाच वेळी साखरेचे पाणी प्यायला दिले आणि इन्सुलिनची सुईही टोचली. मग थोड्या थोड्या वेळाने रक्तातली साखर तपासली. इन्सुलिनची उणीव एवढेच कारण असते, तर सर्वांची साखर सारखीच खाली राहायला हवी होती. तसे झाले नाही. काहींची साखर आटोक्यात राहिली. हे बहुतेक तरुण आणि बारीक असत. इतरांची साखर सुई टोचूनही चढतच गेली. हे बहुधा वयस्क आणि स्थूल असत. १९३६ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले, आणि म्हटले की मधुमेह दोन जातींचा आहे. एकीत इन्सुलिन नसते, दुसरीत इन्सुलिनला शरीर दाद देत नाही. सुश्रुताने जे दोन रोगी पाहिले होते, तेच लंडनच्या डॉक्टरांना सुईच्या टोकाने पुन्हा दिसले!

ही 'दाद न देण्याची' गोष्ट मी माझ्यापुरती कशी समजून घेतली, ते सांगते. आपण जेवलो की पोळी-भाताची साखर होऊन ती रक्तात उतरते. तेव्हा स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. इन्सुलिन म्हणजे हाक समजावी. त्या हाकेसरशी स्नायू रक्तातली साखर आत घेतात आणि यकृत स्वतःची साखर बाहेर सोडायचे थांबते. मुले लहान असताना आपण एक हाक मारली की ती जेवायला येतात. मोठी झाली की एका हाकेने येत नाहीत. दोन हाका, चार हाका माराव्या लागतात. तरी ती येतात खरी, म्हणून बाहेरच्याला वाटते की घरात सगळे सुरळीत आहे. फक्त हाका मारणारीचा घसा बसत चाललेला असतो. शेवटी एक दिवस तिचा आवाजच फुटत नाही. शरीरात हेच होते. स्नायूंत आणि यकृतात चरबी साचली, अंगाला हालचाल नसली, की ती इन्सुलिनची हाक ऐकेनाशी होतात. स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन सोडून वर्षानुवर्षे निभावून नेते. तोवर साखर तपासली तर ठीक दिसते. स्वादुपिंड थकले की साखर वर येते, आणि त्या दिवशी आपण म्हणतो, "काल-परवापर्यंत काही नव्हते हो!" काल-परवा नव्हे, दहा वर्षे हाका चालल्या होत्या.

हिम्सवर्थ ह्यांचे म्हणणे मात्र बरीच वर्षे मागे पडले. कारण उघड होते. रक्तात इन्सुलिन किती आहे हे मोजण्याचे चांगले साधन कोणाकडेच नव्हते. वस्तू इतकी सूक्ष्म, की तिचे माप घ्यायचे कशाने? ते माप एका बाईने दिले, आणि तिची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

रोझलिन यॅलो ह्या १९२१ साली न्यूयॉर्कमध्ये एका साध्या ज्यू कुटुंबात जन्मल्या. त्यांच्या आईवडिलांना हायस्कूलचेही शिक्षण मिळाले नव्हते. मुलीला पदार्थविज्ञान शिकायचे होते, पण त्या काळी मुलीला ह्या विषयात पुढे कोण घेणार? म्हणून एका प्राध्यापकाकडे चिटणिसाचे काम धरावे आणि त्या वाटेने वर्गात शिरावे असा बेत ठरला, आणि त्यासाठी लघुलेखनही शिकायला लागले. इतक्यात इलिनॉय विद्यापीठात जागा मिळाल्याचे पत्र आले. त्यांनी लघुलेखनाची पुस्तके फाडून टाकली! १९४१ साली त्या तिथे गेल्या, तर चारशे जणांच्या शिक्षकवर्गात ह्या एकट्या बाई.

पुढे न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातील माजी सैनिकांच्या रुग्णालयात त्या काम करू लागल्या. तिथे झाडूवाल्याचे सामान ठेवण्याच्या खोलीत त्यांनी आपली पहिली प्रयोगशाळा मांडली. १९५० साली त्यांना डॉक्टर सॉलोमन बर्सन हे सहकारी मिळाले. घरी नवरा, दोन मुले आणि आपल्या धर्माच्या रीतीप्रमाणे सोवळ्याने सांभाळलेले स्वयंपाकघर, हे सारे करून त्या प्रयोगशाळेत बसत.

त्या वेळी एक समजूत होती की मोठ्या माणसांच्या मधुमेहात इन्सुलिन शरीरात फार लवकर नष्ट होते. हे खरे का ते पाहावे म्हणून त्यांनी इन्सुलिनला किरणोत्सर्गी आयोडिनची खूण लावून ते टोचले. निघाले भलतेच. ज्यांनी पूर्वी इन्सुलिन घेतले होते, त्यांच्या रक्तात ते लवकर नाहीसे न होता उलट जास्त वेळ टिकून राहत होते. कारण त्यांच्या रक्तात त्या परक्या इन्सुलिनविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली होती आणि ती त्याला धरून ठेवीत होती. हा लेख १९५५ साली धाडला, तर मासिकांनी परत केला. इतक्या लहान वस्तूविरुद्ध प्रतिपिंडे तयार होणे शक्यच नाही, असे त्यांचे म्हणणे. शेवटी मथळ्यातला तो शब्द बदलून लेख छापावा लागला. ते नकाराचे पत्र यॅलोबाईंनी जपून ठेवले, आणि बावीस वर्षांनी नोबेल पारितोषिकाच्या भाषणात ते दाखविले. ह्याला म्हणतात बाणा!

ह्या शोधातूनच त्यांना मोजमापाची युक्ती सुचली. समजा, एका पंगतीत पाट ठरावीकच मांडले आहेत. खुणेचे कपडे घातलेले काही पाहुणे आधीच तयार आहेत. आता बाहेरून बिनखुणेचे पाहुणे आले, तर ते काही पाट अडवतील आणि खुणेच्या पाहुण्यांतले तितके बाहेर राहतील. बाहेर किती राहिले ते मोजले, की बाहेरून किती आले हे आपोआप कळते. पाट म्हणजे प्रतिपिंडे, खुणेचे पाहुणे म्हणजे किरणोत्सर्गी इन्सुलिन, आणि बिनखुणेचे म्हणजे रोग्याच्या रक्तातले इन्सुलिन. ह्या पद्धतीला रेडिओइम्युनोअ‍ॅसे असे नाव आहे.

१९६० साली त्यांनी ह्या मापाने मोजून दाखविले, की मोठेपणी मधुमेह झालेल्या पुष्कळ रोग्यांच्या रक्तात इन्सुलिन निरोगी माणसांइतके, कित्येकांत त्याहूनही अधिक असते. हिम्सवर्थ ह्यांनी चोवीस वर्षांपूर्वी सांगितलेली गोष्ट आता आकड्यांनी सिद्ध झाली. ह्या पद्धतीचे पेटंट त्या दोघांनी घेतले नाही. ती सर्वांना खुली ठेवली. पुढे नवजात बाळाच्या थायरॉइडची तपासणी, रक्तपेढीतल्या रक्तातील काविळीचा शोध अशा कितीतरी गोष्टी ह्याच युक्तीने होऊ लागल्या. १९७२ साली बर्सन वारले. मृत्यूनंतर नोबेल देत नाहीत, म्हणून १९७७ साली ते यॅलोबाईंना मिळाले. वैद्यकातील हे पारितोषिक मिळविणाऱ्या त्या जगातल्या दुसऱ्या स्त्री. प्रयोगशाळेला मात्र त्यांनी बर्सन ह्यांचे नाव दिले होते. २०११ साली त्या निवर्तल्या.

ह्यानंतरचा टप्पा अमेरिकेतील स्टॅनफर्डचे डॉक्टर जेरल्ड रीव्हन ह्यांचा. १९८८ साली बॅंटिंग ह्यांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानात त्यांनी सांगितले, की इन्सुलिनला दाद न देणारे शरीर हे केवळ मधुमेहाचे मूळ नव्हे. वाढलेला रक्तदाब, रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची वाढलेली चरबी, चांगल्या कोलेस्टेरॉलची घट आणि त्यातून येणारा हृदयविकार, ही सगळी भावंडे एकाच घरची आहेत. ह्या जुडग्याला त्यांनी 'सिंड्रोम एक्स' म्हटले. स्थूलता त्यांनी मुद्दाम ह्या यादीत घातली नाही, कारण ज्यांचे वजन जास्त नाही अशांतही हा दोष त्यांनी पाहिला होता. हे वाचले आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसले.

आपल्या बायकांच्या दृष्टीने ह्या कुटुंबात आणखी दोन-तीन भावंडे आहेत. १९३५ साली शिकागोच्या स्टीन आणि लेव्हेन्थल ह्या डॉक्टरांनी सात स्त्रियांचे वर्णन केले. पाळी अनियमित, मूल होत नाही, चेहऱ्यावर लव आणि बीजकोशांत गाठी. त्यालाच हल्ली पीसीओएस म्हणतात. १९८० च्या सुमारास असे दिसून आले, की ह्यांतल्या पुष्कळ स्त्रियांच्या रक्तात इन्सुलिन वाढलेले असते. दुसरी गोष्ट मानेची. काही मुलींच्या मानेवर आणि काखेत काळपट, मखमलीसारखी जाड कातडी होते. आपण तिला 'नीट आंघोळ करीत नाहीस' म्हणून रागावतो आणि डाळीचे पीठ लावून घासतो. ती मळाची रेघ नव्हे. ती पुष्कळदा वाढलेल्या इन्सुलिनची खूण असते. १९७६ साली अमेरिकेतील संशोधकांनी हा संबंध दाखविला. तेव्हा मुलीची मान घासू नका, तिला डॉक्टरांकडे न्या. तिसरी गोष्ट बाळंतपणाची. गरोदरपणात प्रत्येकीचे शरीर इन्सुलिनला थोडी कमीच दाद देते, ते निसर्गाने बाळासाठी केलेले असते. ज्यांचे स्वादुपिंड तेवढी धाव घेऊ शकत नाही, त्यांना गरोदरपणी साखर होते. बाळंतीण झाल्यावर ती उतरते, आणि आपण सुटलो म्हणून विसरतो. पण अशा बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका पुष्कळ जास्त असतो. तिने बाळंतपणानंतर आणि मग ठरावीक काळाने तपासणी करीत राहावी. मला स्वतःला दुसऱ्या खेपेला अशी साखर झाली होती. पुन्हा तपासा असे मला कोणी सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. व्याख्यानानंतर तपासली, तर ती सीमेवर उभी!

आता आपल्या घरची गोष्ट. बारीक माणसाला मधुमेह का, ह्या माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर मला सातासमुद्रापार नव्हे, तर पुण्यात सापडले. तिथल्या के. ई. एम. रुग्णालयात डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी वर्षानुवर्षे ह्याच प्रश्नावर काम केले. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांचा गरोदरपणाआधीपासून अभ्यास केला. त्या माता कष्टाळू, अंगाने लहान. वजन सरासरी बेचाळीस किलोच्या आसपास. त्यांची बाळे सरासरी २·७ किलोची, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनची बाळे ३·५ किलोची. पण नवल पुढेच आहे. आपल्या बाळांचे मांस, पोट, हातपाय लहान. मात्र अंगावरची चरबी त्या मानाने जपलेली. म्हणजे दिसायला बारीक आणि आतून चरबीचे! आईच्या पोटात असताना मिळाले त्या तुटपुंज्या अन्नात बाळ मांस कमी करते आणि चरबी राखते. हेच मूल पुढे थोडेसे वाढले, की त्याची चरबी पोटात साचते आणि इन्सुलिनची हाक ऐकू येईनाशी होते. त्याच अभ्यासात असेही दिसले, की ज्या मातांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याचे प्रमाण अधिक होते.

२००४ साली याज्ञिकांनी 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकात आपला आणि जॉन युडकिन ह्या इंग्रज डॉक्टर मित्राचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, अंक २२·३. पण यंत्राने मोजले तर इंग्रज मित्राच्या अंगात चरबी शेकडा ९·१ आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात शेकडा २१·२! वजनकाटा दोघांना सारखेच म्हणाला. खरे काय ते आतल्या मोजणीने सांगितले.

भगिनींनो, आता आमच्या सासूबाईंकडे पुन्हा पाहा. दुष्काळी भागात, पाठच्या पाच भावंडांत जन्मलेली मुलगी, जन्मापासून अर्धपोटी, लग्नानंतर सर्वांच्या शेवटी जेवणारी. वाढत्या वयात मिळाले तर भात, पोळी आणि पातळ वरण, उपासाला साबुदाणा. अंगावर मांस कधी चढलेच नाही. जे काही चढले ते पोटावर, लुगड्याच्या घोळात झाकलेले. त्यांच्या मधुमेहाला गूळ नव्हे, तर त्यांना आणि त्यांच्या आईला न मिळालेले अन्न जबाबदार असू शकते, हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते. पथ्य त्यांना हवेच होते, साखर बंद करायला हवीच होती, ह्यात शंका नाही. पण पथ्य वेगळे आणि आळ वेगळा. मी डब्याला कुलूप लावले ते पथ्यासाठी लावले, असे मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होते. खरे तर ते संशयाचे कुलूप होते.

हा प्रश्न एका घरचा नाही. २०२३ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची जी देशव्यापी पाहणी प्रसिद्ध झाली, तीत देशात मधुमेहाचे दहा कोटींहून अधिक रोगी आणि सीमेवर उभे असलेले तेरा कोटी साठ लाख लोक असल्याचा अंदाज दिला आहे. त्यांत मधुमेहाचे सर्वांत जास्त प्रमाण आपल्या शेजारच्या गोव्यात, शेकडा २६·४.

तर मग उपाय काय? मेटफॉर्मिन नावाचे औषध आपल्यापैकी अनेकींच्या घरी असेल. युरोपात एका रानटी झुडपाचा मधुमेहावर उपयोग करीत. त्यातील द्रव्याच्या धाग्यावरून हे औषध निघाले, आणि १९५७ साली पॅरिसचे डॉक्टर जॉं स्टर्न ह्यांनी ते मधुमेहावर वापरून दाखविले. ते मुख्यतः यकृताला ताळ्यावर आणते. पण औषधाहून जुना उपाय अजून पहिल्या क्रमांकावर आहे. २००२ साली अमेरिकेत सीमेवरच्या लोकांवर केलेल्या मोठ्या प्रयोगात आठवड्याला दीडशे मिनिटे चालणे आणि शेकडा सात वजन घटविणे, एवढ्याने मधुमेह होण्याचे प्रमाण शेकडा ५८ नी घटले. मेटफॉर्मिनने ३१ नी. चेन्नईच्या डॉक्टर रामचंद्रन ह्यांनी २००६ साली आपल्या लोकांवर तसाच प्रयोग प्रसिद्ध केला. तेथे आहार आणि व्यायामाने प्रमाण शेकडा २८·५ नी उतरले. आपल्या लोकांत यश थोडे कमी, पण यश आहेच. ह्याचे कारणही समजण्याजोगे आहे. चालणारा स्नायू इन्सुलिनच्या हाकेची फारशी वाट पाहत नाही, तो स्वतःच रक्तातली साखर ओढून घेतो. म्हणून सुश्रुताने वहाण काढून चालायला लावले, विहीर खणायला लावली! त्याला इन्सुलिन ठाऊक नव्हते, पण रोगी ठाऊक होता.

आपण काही शंभर योजने चालणार नाही. पण जेवणानंतर गॅलरीत पंधरा मिनिटे फेऱ्या मारता येतील. उपासाला साबुदाणा आणि बटाट्याऐवजी वरी, शेंगदाणे, ताक जास्त घेता येईल. वरीही पोटभर नव्हे, वाटीभर. भात कमी करून उसळ वाढविता येईल. कमरेचा घेर पट्टीने मोजता येईल. आपल्याकडच्या स्त्रियांना ८० सेंटिमीटरच्या वर गेला की सावध व्हावे. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ असेल तर ती सीमा, आणि १२६ किंवा त्याच्या वर असेल तर डॉक्टरांना गाठावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, घरातल्या गरोदर मुलीला आणि वाढत्या नातीला शेवटी नव्हे, सर्वांबरोबर वाढावे. डाळ, दूध, अंडे, जे आपल्याला चालते ते पोटभर द्यावे. पुढच्या पिढीचा मधुमेह आपण आजच्या पंगतीत घडवीत किंवा टाळीत असतो.

माझी साखर सीमेवरून थोडी मागे सरकली आहे. मी रोज संध्याकाळी मंडळाच्या चार भगिनींबरोबर चालते. ज्यांना यायचे असेल त्यांनी सहा वाजता मारुतीच्या पारापाशी यावे.

फडताळाचे ते कुलूप मी काढून टाकले आहे. ज्या बाईसाठी काढायला हवे होते, ती आज नाही. पण आपल्यापैकी कोणाच्या घरी एखादी बारीक अंगाची सासू, आई किंवा नणंद साखरेने आजारी असेल, तर तिचे पथ्य अवश्य सांभाळा. तिच्यावर आळ मात्र घेऊ नका. एवढे सांगण्यासाठीच हा लेख लिहिला.